तांबड्याची कंबर

बा गेल्यापासून भेटायला येणारी माणसं आमच्या छपरीत बसतात, पाणी पितात, आणि थोडा वेळ गेला की कोणीतरी म्हणतं, "लय भोगलं बिचाऱ्यानं. एकदा कमर मोडली का माणूस संपतेच." ही लांबच्या तांड्यांतली माणसं. बा कापसाच्या गाडीवरून पडला हे त्यांनी चार वर्षांमागे ऐकलं, आणि तो गेला हे आता ऐकलं. मधलं त्यांना कोणी कळवलेलं नाही. याडी, म्हणजे माझी आई, भिंतीला टेकून ऐकत असते. मी चहा आणून देते. तोंडाने वाद घालणं मला शाळेपासून जमलेलं नाही. बाला जाऊन पाच महिने झाले. आता रोज संध्याकाळी थोडं थोडं लिहिते आहे. एखाद्या दिवशी दोनच ओळी होतात.

मी उमरखेडला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. आमचा तांडा फुलसावंगीकडे, रस्ता सोडून आत. आमचे पूर्वज लदेणी करत, म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत. पुढे ते फिरणं थांबलं आणि शेती आली. घरी आम्ही गोरबोली बोलतो. इथे बाचं बोलणं मी मराठीत लिहिते आहे, तो बाजारात आणि दवाखान्यात बोलायचा त्या मराठीत. आणि आमच्याकडे बापाला अरेतुरेच करतात. त्यात माया कमी होत नाही.

तो पडला जानेवारीच्या अखेरीस. गाडीत कापूस भरताना एक माणूस वर उभा राहून तो पायांनी दाबत जातो, म्हणजे जास्त मावतो. अडुसष्टाव्या वर्षीही हे काम बाच करायचा, कारण दुसऱ्या कोणाचं दाबणं त्याला पसंत पडत नसे. त्या दिवशी कडेचा कापूस खचला आणि तो वरून खाली, पाठीवर आला.

यवतमाळच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरून दाखवला. कमरेतला एक मणका पुढच्या बाजूने चेपला होता. वरचे-खालचे सगळे चौकोनी आणि हा एक पाचरीसारखा. ऑपरेशनची गरज नाही म्हणाले. पट्टा बांधायचा, दीड महिना झोपून काढायचा, मग हळूहळू उभं राहायचं. बाने तो फोटो मान वळवून नीट पाहिला. त्याने तो पाहायला नको होता असं मला नंतर पुष्कळदा वाटलं.

दीड महिना झाला. दुसरा फोटो काढला. हाड जुळून आलं होतं. पण बा उठेना. पुसदहून व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई दोनदा येऊन गेल्या. येताना त्यांनी चार पायांचा वॉकर आणला. त्या समजावत होत्या तोवर बा मान डोलवत होता, आणि त्यांनी खांद्याखाली हात घातला की दोन्ही हातांनी खाटेची लाकडं अशी धरायचा की आम्हा तिघींना ती बोटं सुटायची नाहीत. कपाळावर घाम यायचा.

"दुखते का?" मी विचारलं.

"नाई."

"मग?"

"उतरंड पाह्यली ना तू? एकावर एक मडकी. खालचं एक पिचकलं, तं वरची काय हवेत राह्यतीन?"

त्याच्या मनात पाठीचा कणा म्हणजे अशी उतरंड होती. निजून आहे तोवर वरचा भार खाली येत नाही. उभं राहिलं की डोकं, छाती, हात, सगळं त्या एका पिचक्या मणक्यावर येणार आणि आपण जागच्या जागी ढासळणार. डॉक्टर म्हणतात जुळलं, पण डॉक्टरांनी ते हाड हातात घेऊन पाहिलं आहे का?

एप्रिल संपत आला तेव्हा डॉक्टर फोनवर मला म्हणाले, "पाय बारीक होत चाललेत त्यांचे. अजून पंधरा-वीस दिवस असेच गेले, तर उभं राहायची ताकदच उरणार नाही. मग हाड कितीही चांगलं असू द्या." मी हे याडीला सांगितलं. ती रोज बाच्या पायांना तेल लावायची. म्हणाली, पोटरी कुठे संपते आणि हाड कुठे लागतं ते आता डोळे मिटूनही कळतं. बाला सांगितलं तर त्याने तोंड भिंतीकडे केलं.

मी रजा टाकून घरी येऊन राहिले. दुसरं काही हातात नव्हतं म्हणून मणक्यांबद्दल मिळेल ते वाचत होते. कॉलेजच्या लायब्ररीतून नर्सिंगचं एक जाड पुस्तक आणलं होतं. मानेत सात मणके, छातीमागे बारा, त्यांना फासळ्या जोडलेल्या, कमरेत पाच. चोवीस. त्याखाली एकमेकांत मिसळून गेलेले. हे मला पाढ्यासारखं पाठ झालं. बाला आकृत्या दाखवल्या, मणका मणक्यावर कसा बसतो ते दाखवलं. त्याने पुस्तक छातीवर उभं धरून बराच वेळ पाहिलं.

"कागदावर समदेच उभे राह्यतात," तो म्हणाला आणि पुस्तक मिटलं.

त्याच आठवड्यात विहिरीपासून वरच्या वावरापर्यंत पाइप टाकायचं काम निघालं. जेसीबी धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेने चर खणत चालला होता. मी चहा करत होते. तेवढ्यात आमच्या तांड्याचे नायक दारात येऊन उभे राहिले. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख, पण बाचे ते लहानपणापासूनचे सोबती. दोघं एकमेकांशी सरळ कधी बोलत नसत.

"अबे, तुहा तांबडा बाहेर आला ना!"

"कोण तांबडा?"

"कोण म्हणजे? किती तांबडे होते तुले?"

बाने मान उचलली. तीन महिन्यांत मी त्याला आपणहून मान उचलताना पाहिलं नव्हतं.

तांबडा हा आमचा बैल. चौदा वर्षं त्याने आमच्याकडे काम केलं. म्हातारा झाल्यावर लोक म्हणाले विकून टाक, बाने विकला नाही. शेवटची दोन वर्षं तो नुसता बांधून खात होता. मेला तेव्हा बाने आणि नायकांनी धुऱ्यावर पुरुषभर खड्डा खणला, खाली मीठ टाकलं, पोळ्याची झूल अंगावर घातली आणि त्याला पुरला. त्याला आता तीन पावसाळे होऊन गेले होते. जेसीबीच्या दातांनी तो खड्डा उघडला होता.

"हाडं फेकली काय त्यानं?" बाने विचारलं.

"फेकू कायले देईन मी? थांबवला ना त्याले. ढीग पडून हाय."

बा माझ्याकडे वळला. "जाय बाई. समदं गोळा करून आण. एक बी हाड तिथं राहू देजो नको. पुरा हाय का पाह्य, मंगच दुसऱ्या जागी पुरू. अर्धा बैल पुरायचा नाई मले."

मी आणि नायक दोन पोती घेऊन गेलो. हाडं काळ्या मातीने भरली होती, पण स्वच्छ होती, वास नव्हता. नायक चरात उतरून एकेक वर देत होते आणि प्रत्येकाला काहीतरी बोलत होते. "हा गुडघा. लाथ मारली होती मले ह्यानं." मातीत बकरीचा एक जबडाही निघाला, कधीचा कोण जाणे. तोही मी पोत्यात टाकला.

घरी याडीने पोती पाहिली आणि तिच्या हातातला झाडू थांबला. "हाडं काय आंगणात मांडते कोणी? शिकली तेवढी वाया गेली."

शेवटी पऱ्हाट्यांच्या, म्हणजे वाळल्या कापूसकाठ्यांच्या, गंजीजवळ, बाची खाट होती त्या छपरीपासून दहा-बारा हातांवर मला जागा मिळाली. हाडं टाक्यावर धुतली, दोन दिवस उन्हात वाळवली आणि ताडपत्री अंथरून मांडायला बसले. पाय लवकर झाले. फासळ्या बऱ्याच तुटल्या होत्या, त्या बाजूला लावून ठेवल्या. सगळा वेळ गेला तो मणक्यांत. मे महिन्यातलं ऊन, त्यामुळे सकाळी दहापर्यंतच बसता येई. पुस्तकाचं पान वाऱ्याने उलटू नये म्हणून त्यावर वरवंटा ठेवला होता.

मानेचे सात सहज सापडले. कवटीच्या मागचा तर पंख पसरल्यासारखा, तो चुकणं शक्यच नव्हतं. मग वशिंडाखालचे. त्यांच्यावर वीतभर, काहींवर त्याहून मोठे काटे, मागे झुकलेले. मी त्यांना उंचीप्रमाणे लावत गेले, मग एकमेकांत बसवून पाहिले, मग पुन्हा बदलले. शेवटी शेवटी कमरेचे, आडव्या फळ्या असल्यासारखे रुंद. मी मोजले. चोवीस झाले. पुन्हा मोजले. चोवीसच. त्यापुढे पुठ्ठ्याचं, म्हणजे बैलाच्या मागच्या भागाचं, जोडहाड आणि शेपटीचे तुकडे. पुस्तकातला आकडा जमिनीवर उतरलेला पाहून मला जो आनंद झाला तो सांगायला आज संकोच वाटतो. फासळीच्या खुणा असलेले बाराऐवजी तेरा भरत होते आणि कमरेतले पाचाऐवजी चारच, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण शेवटचा फासळीवाला लहानखुरा होता, तो मी कमरेत धरला. बेरीज जमली होती ना.

एक मोठा, वेडावाकडा गोळा तेवढा उरला. दोन मुठींएवढा, एका बाजूने मेण वितळून ओघळल्यासारखा. पुस्तकात असलं काही नव्हतं. तो दुसऱ्या कोणत्या जनावराचा असेल म्हणून मी बकरीच्या जबड्यासोबत टोपल्यात टाकला.

"बा," मी हाक मारली, "पुरा झाला तांबडा."

बा कुशीवर वळला. नायक खाली पायरीवर तंबाखू मळत बसले होते. याडी सुपात तूर पाखडत होती.

"चोवीस मणके," मी म्हणाले. "पुस्तकातही चोवीसच आहेत."

बाने कवटीपासून शेपटीपर्यंत पाहिलं. मग म्हणाला, "हा तांबडा नाई."

"म्हणजे?"

"बुटका दिसून राह्यला. तांबडा लांब होता. कमर कुठं हाय त्याची?"

"ही काय."

"हे कमर? हे तं बकऱ्याची कमर झाली."

नायक हसले. मी पुस्तक उचलून वाचून दाखवलं, बारा आणि पाच.

"कोणाचं पुस्तक हाय थे?"

"माणसांचं."

"मंग माणसाले मांड त्याच्यात! बैलाले तेरा फासळ्या राह्यतात."

"तू कधी मोजल्या?"

"दुष्काळात मोजल्या," बा म्हणाला. "रोज सकाळी मोजत होतो. खायले नव्हतं तवा एक एक वर आली होती. तेरा."

नायक हसायचे थांबले.

"आन् शेवटच्या फासळीपासून पुठ्ठ्यापावतर सहा," बा पुढे म्हणाला. त्याचा आवाज चढत होता. "खरारा करताना हाताले लागतात. सहा! तू किती मांडले?"

"चार. पाचवा फासळीवालाच होता."

"दोन हाडं माह्या बैलाची कुठं टाकली तू?"

"मी कुठे टाकीन? तेवढीच निघाली."

"नीट पाह्य! थे टोपल्यात काय हाय? आण इकडे. इकडे आण म्हणतो ना. काहून उभी राह्यली?"

मी उभी राहिले होते कारण बा बसला होता. टोपल्यातलं दिसावं म्हणून त्याने कोपर टेकलं होतं, मग हात टेकला होता, आणि आता तो खाटेवर सरळ बसला होता, पाय खाली सोडून, कोणाच्या आधाराशिवाय. त्याला स्वतःला ते कळलं नव्हतं. मी याडीकडे पाहिलं. तिने सूप मांडीवर टेकवलं होतं आणि एक बोट ओठांवर धरलं होतं. नायक तळहातावरच्या तंबाखूकडे अशा लक्षाने पाहत होते जणू ती मोजायची आहे.

हे एवढं लिहिल्यावर मी दोन दिवस वही उघडली नाही.

मी टोपलं नेलं. बाने जबडा उचलून बाजूला ठेवला आणि तो गोळा दोन्ही हातांत घेतला. अंगठ्याने कडा चाचपल्या. उलटा केला. एका टोकाला खाच होती, दुसऱ्या टोकाला गोल बूड. दोन्ही बाजूंना आडव्या फळ्या, एकीकडे दोन पुऱ्या, दुसरीकडे दोन तुटक्या.

"हे दोन हायत," तो म्हणाला. "एक नाई. दोन जुळले. हे पाह्य, मधात सांधा होता, त्याच्यावरून हाड चढलं."

त्याने तो माझ्या हातात दिला आणि बोट कुठे फिरवायचं ते दाखवलं. खरंच, मधून एक बारीक रेघ जात होती आणि तिच्यावरून हाडाचाच एक जाड पूल चढला होता, गवंड्याने भेगेवर सिमेंट थापावं तसा. मी ज्याला मेणाचा ओघळ समजले होते तो हाच होता. आणि दोन मणक्यांतला एक, पुढचा, खालच्या अंगाने दबलेला होता.

"नाल्यातली गाडी," नायक पायरीवरून हळू म्हणाले.

बाने मान हलवली.

ही गोष्ट मलाही माहीत होती, पण विसरले होते. तांबडा उमेदीत असताना नाला ओलांडताना गाडी पलटली आणि तो तिच्याखाली आला. दुसऱ्या दिवशीपासून तो बसला तो उठेचना. गुरांचे डॉक्टर पाहून गेले, म्हणाले मागचा भाग गेला, आता आशा धरू नका. बाने आशा धरली. बसलेल्या जनावराला आमच्याकडे पोत्याने उठवतात. दोन पोती पोटाखालून ओढून घ्यायची, त्यांची टोकं दोन बांबूंना बांधायची आणि चौघांनी बांबू खांद्यावर घेऊन जनावराला अधांतरी उभं धरायचं. पाय जमिनीला टेकले पाहिजेत, भार मात्र पोत्यावर. सकाळी आणि संध्याकाळी. बाने आणि नायकांनी माणसं जमवून बारा दिवस हे केलं. तेराव्या दिवशी तांबड्याने आपले पाय रोवले. पुढच्या हंगामात तो औताला होता.

"किती वर्षं चालला त्याच्यानंतर?" बाने विचारलं.

"सहा तं खरीच," नायक म्हणाले. "नांगर ओढला. कापूस नेला. माह्या पोरीच्या लग्नाचं सामान नेलं त्यानं."

"ह्याच्यावर," बा म्हणाला. गोळा अजून माझ्या हातात होता. त्याने तो परत मागून घेतला. "ह्या अशा हाडावर."

मी ताडपत्रीवर जाऊन फासळीवाला तेरावा मणका वर सरकवला, कमरेचे चार मोकळे केले आणि बाने गोळा दिल्यावर तो त्यांच्यामध्ये ठेवला. पुढच्या मणक्याचे हुकासारखे दोन आकडे गोळ्याच्या खाचांत आपोआप जाऊन बसले. सव्वीस झाले. बैल लांब झाला. खाटेवरूनही ते दिसत असावं, कारण बा म्हणाला, "आता हाय तांबडा."

त्यानंतरच त्याने खाली पाहिलं आणि आपले पाय जमिनीवर टेकलेले पाहिले. तो दचकला. हात पुन्हा खाटेच्या लाकडाकडे गेले. मला वाटलं, आता आडवा होतो. याडीने सूप बाजूला ठेवलं, पण जागची उठली नाही.

"नायका," बा म्हणाला.

"काय बे?"

"पोतं आण."

"कायले?"

"मले उठवाले. आन् बांबू आण."

नायकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग पऱ्हाट्यांजवळ मांडलेल्या बैलाकडे पाहिलं. "थो बैल होता रे."

"मंग मी कोण हाय? आण ना मुकाट्यानं."

मी डॉक्टरांना फोन लावला. ते पूर्ण ऐकून घेऊन म्हणाले, पट्टा घट्ट बांधा, काखेतून आधार द्या, कमरेला पीळ बसू देऊ नका, बाकी पोतं वापरा की शालू वापरा, मला चालेल. जो वॉकर कोपऱ्यात धूळ खात होता त्याच्यावर बाचा विश्वास नव्हता, कारण त्यावर कोणी उठून उभं राहिलेलं त्याने पाहिलं नव्हतं. पोत्याने उठलेला त्याने पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नायक आणि शेजारचे दोघे आले. याडीने पोतं धुऊन, आत जुनं लुगडं घालून शिवलं होतं, काखेत रुतू नये म्हणून. ते पाठीमागून काखांखालून घेतलं, टोकं बांबूला बांधली, बांबू पुढे नायकांच्या आणि मागे शेजाऱ्याच्या खांद्यावर. तिसरा माणूस खाटेशी. मी पट्टा तपासला.

"घ्या," बा म्हणाला. डोळे मिटलेले.

उचलला. पाय ताडकन जमिनीला लागले आणि लोंबले. बा ओरडला. नायक म्हणाले, "ओरड, ओरड. तांबडा बी हंबरला होता."

"खाली ठेव म्हणत नाई ना मी!"

"तुह्यापेक्षा बैल हलका होता लेका. काय खाऊ घालून राह्यली वहिनी ह्याले निजल्या निजल्या?"

"तुमचे शब्दच खाते थो," याडी म्हणाली.

मिनिटभर धरून ठेवला. संध्याकाळी परत. कोसळलं काही नाही. तिसऱ्या दिवशी बाने डोळे उघडे ठेवले. चौथ्या दिवशी त्याने टाचा टेकल्या, आणि पोत्याची पकड किंचित सैल झालेली नायकांच्या खांद्याला कळली. त्यांनी माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. सहाव्या दिवशी बा बांबूला धरून एक पाऊल पुढे गेला तेव्हा नायकांनाही पुढे जावं लागलं, आणि मागचा शेजारी बेसावध होता म्हणून तिघेही हेलपाटले. अंगणाच्या कुंपणापाशी जमलेल्या बाया खो खो हसल्या. पोतं लावून उठवलेला माणूस पाहायला रोज गर्दी होत होती. बाला त्याची लाज वाटली नाही. नवव्या दिवशी त्याने पोतं काढायला सांगितलं आणि पुसदच्या बाईंचा वॉकर मागितला. तीन दिवसांनी तोही याडीच्या अंगावर ढकलून काठी घेतली.

नंतर तांड्यात असं पसरलं की मी शिकलेली, हुशार, मी बापाला डिवचायला बैल मुद्दाम चुकीचा मांडला. भेटायला येणाऱ्या जवळच्या माणसांपैकी काहीजण आजही माझं कौतुक करतात. हे खरं नाही. मला सहा मणके माहीतच नव्हते. मी माणसाचं पुस्तक घेऊन बैल मांडत होते आणि तो जमला म्हणून खूश होते. पुस्तकावर माझा अजूनही विश्वास आहे. पण त्या सकाळी आमच्या अंगणात ज्याला कमर म्हणजे काय ते माहीत होतं तो खाटेवर होता.

हाडं तोवर ताडपत्रीखाली झाकलेली होती. याडी रोज विचारायची, कधी नेता. बा म्हणायचा, मी नेतो. आम्ही ते बोलणं समजत होतो. मृगाच्या आधी चर बुजवून झाला, धुऱ्यावर थोडी वर नवी जागा ठरली, खड्डा नायकांनी खणून घेतला. आणि एका सकाळी बाने पट्टा बांधून घेतला, फेटा बांधला, जो तो फक्त लग्नाला बांधत असे, आणि निघाला.

घरापासून धुरा पाऊण किलोमीटर असेल. पोती बैलगाडीत होती, गाडी त्याच्या मागे. नायकांनी भाच्याची मोटरसायकल आणून ठेवली होती, सोबत असू द्या म्हणून. बाने तिच्याकडे पाहिलंही नाही. तीन ठिकाणी थांबला. तिसऱ्या ठिकाणी बराच वेळ थांबला, काठीवर दोन्ही हात ठेवून, आणि मला वाटलं आता पुरे म्हणेल. तो घाम पुसत होता. "ह्या वाटेनं कितीक खेपा केल्या त्यानं," एवढंच म्हणाला आणि चालू लागला.

खड्ड्यात मीठ टाकलं. हाडं त्याने स्वतः उतरवली नाहीत, वाकायची मनाई होती. पण काठीने दाखवत गेला, डोकं कुठे, मान कुठे, कमर कुठे. तो जुळलेला तुकडा मी त्याला जागा विचारून खड्ड्यात ठेवला. कॉलेजात न्यावा असं मनात येऊन गेलं होतं, पण मी ते बोलून दाखवलं नाही. माती लोटली. याडीने घरून आणलेला गूळ वाटला.

परत येताना ऊन चढलं होतं. तांड्याच्या वाटेवर लोक दारादारांत उभे होते, पाहत होते. बाने फेटा सारखा केला. नायक मोटरसायकलवरून आधी पोचले होते. त्यांनी आपल्या ओट्यावर सतरंजी टाकली, मधोमध उशी ठेवली, आणि चहा मागवला.

"ये, बस," नायक म्हणाले.

बाने चहाचा पेला घेतला. ओट्याच्या कडेला उभा राहून एक घोट घेतला, दुसरा घेतला.

"अबे बस ना आता! चालून आला एवढा."

"तीन महिने निजूनच होतो," बा म्हणाला. "तू बस."